आधी एक जुना कुर्ता उसवा

शिवणाचं मशीन घरात आलं की हात शिवशिवतात, नवं कापड कधी कापतो असं होतं. तरीही पहिल्या दिवशी नव्या कापडाला कात्री लावू नका. कपाटातून एक जुना सुती कुर्ता काढा. विटला असेल, बगलेत फाटला असेल तरी चालेल, पण अंगाला नीट बसणारा हवा. तो घेऊन खिडकीपाशी बसा आणि उसवायला लागा.

कपडा ज्या क्रमाने शिवतात, त्याच्या बरोबर उलट क्रमाने तो उसवत जातो. खालची दुमड शेवटी घातलेली असते, ती आधी सुटते. मग बाजूच्या टिपा, मग बाह्या, मग गळ्याची पट्टी आणि शेवटी खांदे. एका कागदावर हा क्रम लिहून ठेवा. तोच खालून वर वाचला की तुमचा पहिला कुर्ता शिवायचा क्रम तयार असतो.

उसवायला ब्लेड वापरू नका, कापड चिरतं आणि बोटंही. सीम रिपर, म्हणजे टाके कापायचं छोटं हत्यार, कुठल्याही लेस-बटणांच्या दुकानात मिळतो. टिपेच्या एका बाजूने दर चौथा-पाचवा टाका कापत जायचं, मग कापड उलटं करून दुसऱ्या बाजूचा दोरा ओढायचा. अख्खी टीप सळकन निघते. हे पहिल्यांदा जमतं तेव्हा इतकं बरं वाटतं की पुढे चुकलेली टीप उसवायचा कंटाळा येत नाही. आणि टिपा चुकणार आहेत, पुष्कळ चुकणार आहेत.

मी ठाण्याच्या नौपाड्यातल्या भाड्याच्या घरात शिवण शिकले, ते असंच. शेजारच्या काकू ब्लाउज शिवायच्या. त्यांच्याकडे शिकवा म्हणून गेले, तर त्यांनी माझाच एक जुना कुर्ता मागवून घेतला आणि म्हणाल्या, "हा सोडव, मग ये." दोन दुपारी गेल्या. सगळे तुकडे सुटे झाल्यावर त्यांनी ते जमिनीवर पसरले आणि एकेकावर बोट ठेवून दाखवलं. बाहीचा वरचा भाग टेकडीसारखा गोल असतो, पण त्या गोलाची एक बाजू जरा जास्त कोरलेली असते. ती पुढची बाजू. आपला हात पुढे येतो, तिथे कापड गोळा होऊ नये म्हणून. पुढच्या भागाचा मुंढाही, म्हणजे बाही जोडतात तो गोल काप, मागच्यापेक्षा खोल. गळ्याची पट्टी दोन्ही हातांनी ताणली तर लांबते, कारण ती उरेब, म्हणजे तिरपी कापलेली. सरळ पट्टी गोल गळ्याला लावली की ती बसतच नाही, चुण्या पडतात. क्लासमध्ये कागदावर रेघा मारून हेच समजवतात, पण तुकडा हातात असला की ते एकदम डोक्यात बसतं.

उसवलेल्या प्रत्येक तुकड्यावर पेनाने लिहा: पुढचा, मागचा, डावी बाही, उजवी बाही. इस्त्री करा. खाकी कागदावर ठेवून आकार काढून घ्या. हे तुमचं पहिलं पेपर कटिंग, तुमच्याच मापाचं.

आता मशीनकडे. माझं मत विचाराल तर नवशिक्यासाठी काळं, लोखंडी, सरळ टीप मारणारं पायडलचं मशीन सगळ्यात चांगलं. पायाने चालवताना वेग आपल्या ताब्यात राहतो आणि बिघडलं तर गल्लीतला कारागीरही दुरुस्त करतो. पण आपल्या फ्लॅटमधली जागा सगळ्यांनाच माहीत आहे. स्टँड ठेवायला कोपराच नसेल तर मोटरचं, जेवणाच्या टेबलावर मांडता येईल असं मशीन घ्या. फक्त मोटर सुरुवातीला अंगावर येते. पहिला आठवडा पाय नुसता टेकवून, एकेक टाका मोजत चालवायचं. मशीनखाली जाड रबराची चटई घाला, म्हणजे दुपारी खालच्या मजल्यावर घरघर जात नाही.

घरात लहान मूल असेल तर काम संपल्यावर पायडलच्या मशीनचा पट्टा चाकावरून उतरवून ठेवायचा. मग मुलाने पायडल कितीही हलवलं तरी सुई हलत नाही. मोटरच्या मशीनची पिन प्लगमधून काढायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही. टाचण्या मोजून घ्या आणि उठताना पुन्हा मोजा. मी वीसच ठेवते.

दोरा न ओवता वहीच्या रेघी कागदावर टीप मारून सराव करा. आधी सरळ रेघा, मग चौकोन, मग वाटी ठेवून काढलेली वर्तुळं. चौकोनाच्या कोपऱ्यावर सुई खाली रुतलेली ठेवायची, फूट, म्हणजे कापड दाबून धरणारी पट्टी, उचलायचा, कागद वळवायचा, फूट खाली. कागदाने सुई बोथट होते, म्हणून या सरावाला जुनीच सुई वापरा. दोन-तीन दिवसांत छिद्रं रेघेवर यायला लागतात. मग दोरा ओवा.

दोरा ओवल्यावर नव्या माणसाला सगळ्यात जास्त छळतो तो खालचा गुंता. टीप वरून बरी दिसते आणि कापड उलटं केलं तर खाली दोऱ्याचं जाळं. सगळ्यांना वाटतं बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, बिघडली. बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. तो टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. फूट वर उचला, वरचा दोरा पूर्ण काढा आणि पहिल्यापासून ओवा. टीप सुरू करताना दोरा ओढणारा दांडा सगळ्यात वर असला पाहिजे, दोन्ही दोरे चार-चार बोटं लांब सोडून फुटाखालून मागे घेतलेले असले पाहिजेत आणि चाक हाताने आपल्याकडे फिरवून पहिला टाका घ्यायचा. कापड मागून ओढायचं नाही. ते पुढे नेण्याचं काम खालच्या दातांचं आहे, आपण फक्त दिशा द्यायची. ओढलं की सुई वाकते, मग मोडते.

सुई कापडाप्रमाणे लागते. मलमल, लॉनसारख्या पातळ कापडाला ११ नंबर, पॉपलिन, केंब्रिकसारख्या मध्यम कापडाला १४, जीन्ससारख्या जाड कापडाला १६. होजिअरीला, म्हणजे टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडाला, बॉलपॉइंट सुई, पण होजिअरी पहिल्या सहा महिन्यांत नकोच. टाके सुटायला लागले की आधी सुई बदला, मग बाकीचा विचार करा. जुनी सुई काढताना तिचा सपाट भाग कुठल्या बाजूला होता ते बघून ठेवा. नवी तशीच बसवायची.

कापड आणायला ठाणेकरांना फार लांब जावं लागत नाही. रोजचं काम, म्हणजे इलॅस्टिक, दोरे, लेस, अस्तर आणि चार-पाच मीटर सुती कापड, जांभळी नाक्याच्या बाजारात होतं. जास्त कापड एकदम घ्यायचं असेल तर उल्हासनगरचं गजानन मार्केट किंवा दादरची हिंदमाता. मंगलदास मार्केटला सुती कापडाची निवड मोठी आहे, पण पहिल्या खरेदीला तिथे जाऊ नका, डोळे फिरतात आणि नको ते घेऊन येतो. वाशी-नेरूळकडच्यांनी आधी आपल्या नोडमधली, म्हणजे वसाहतीतली, मॅचिंग सेंटरं धुंडाळावीत. मांजरपाट (जाडसर, न रंगवलेलं सुती कापड) आणि रुबिया (ब्लाउजचं पातळ सुती कापड) तिथेही मिळतं.

सुरुवातीला घ्यायचं कापड म्हणजे मांजरपाट सरावाला, केंब्रिक किंवा पॉपलिन मुलांच्या कपड्यांना. सॅटिन, जॉर्जेट, शिफॉन हातातून निसटतात, त्यांचं नाव काढू नका. दुकानात भावाआधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. ३६ इंची, ४४ इंची की ५८ इंची, यावर किती मीटर लागेल ते ठरतं. चार वर्षांच्या मुलाच्या हाफ पँटला ४४ पन्ह्याचं अर्धा मीटर पुरतं. मोठ्या माणसाच्या बाह्यांच्या कुर्त्याला त्याच पन्ह्यात अडीच मीटर लागतं. दोरा निवडताना रीळ कापडावर ठेवून रंग ठरवू नका. एक हातभर दोरा उलगडून कापडावर टाका. रिळावर तो गडद दिसतो, एकेरी झाला की फिका पडतो. शंका वाटली तर एक छटा गडद घ्या.

आणि घरातल्या जुन्या सुती साड्या विसरू नका. आपल्याकडे बाळाचं पहिलं झबलं आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या साडीचं करतात, ते उगाच नाही. ते कापड जेवढं आटायचं तेवढं आटलेलं असतं, त्याचा रंग जायचा तेवढा गेलेला असतो आणि बाळाच्या अंगाला टोचत नाही.

नवं सुती कापड मात्र आटतं. माझ्या मुलीच्या दुसऱ्या वाढदिवसाला मी केंब्रिकचा फ्रॉक शिवला, दुकानातून आणला तसाच कापून. पहिल्या धुण्यानंतर तो गुडघ्याच्या वर गेला, अस्तर आटलं नव्हतं ते खालून लोंबायला लागलं. चार रात्री जागून घातलेल्या चुण्या होत्या त्याला. तेव्हापासून घरात आलेलं प्रत्येक सुती कापड रात्रभर पाण्यात भिजतं, अस्तर आणि लेससुद्धा. पिळायचं नाही, निथळत वाळवायचं, थोडं दमट असताना इस्त्री करायची. लाल, निळं, काळं कापड वेगळं भिजवा. पाणी रंगलं तर स्वच्छ होईपर्यंत पुन्हा भिजवा. जुलैत ठाण्याच्या पावसात कापडाला वास येतो, दोन-दोन दिवस वाळत नाही, म्हणून गणपतीचे कपडे शिवायचे असतील तर कापड मे महिन्यात भिजवून, वाळवून ठेवून द्या.

कापायच्या आधी अजून एक काम. दुकानात कापड फाडून किंवा कापून देतात, ते कडेला सरळ असेलच असं नाही. काठापाशी कात्रीने बोटभर चीर द्या, तिथला एक आडवा धागा सुईच्या टोकाने उचला आणि हळूहळू ओढत न्या. कापड गोळा होत जातं आणि मागे एक बारीक, धागा निघून गेलेली रेघ उमटते. धागा मध्येच तुटला तर शेजारचा धरा. त्या रेघेवर कात्री चालवली की कापड खरोखरचं आडवं कापलं जातं. मग काठाला काठ लावून घडी घाला. कपड्याची लांबी नेहमी काठाच्या दिशेने, उभ्या धाग्यावर. आडव्या-तिरप्या धाग्यावर कापलेला पायजमा दोन धुण्यांत पायाभोवती पिळतो.

पहिली वस्तू उशीचा अभ्रा, दुसरी भाजीची पिशवी. दोन्ही सरळ टिपांच्या आहेत, त्यावर जास्त सांगण्यासारखं नाही. तिसरी मात्र मुलाची इलॅस्टिकची हाफ पँट, आणि ती सावकाश करायची.

मुलाला नीट बसणारी एक पँट घ्या. मधोमध घडी घाला, एक पाय दुसऱ्यावर येईल अशी, पुढची बाजू बाहेर. कमरेचं इलॅस्टिक पूर्ण ताणून धरा, नाहीतर पँट वर अरुंद होते. कागदाच्या मधोमध एक उभी रेघ मारा, पँटची बाहेरची कड तिच्यावर ठेवा आणि पुढचा अर्धा भाग आखा. मग पँट मागची बाजू बाहेर येईल अशी उलटी दुमडा, त्याच रेघेच्या दुसऱ्या बाजूला ठेवा आणि मागचा भाग आखा. मागचा भाग वर जरा उंच असतो आणि त्याचा बाक, म्हणजे दोन पायांमधला गोलाकार काप, जास्त खोल. बसल्यावर पँट खाली सरकू नये म्हणून ते हवंच. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या तर कुठेतरी चुकलंय, पुन्हा आखा. आता बाकाला आणि आतल्या बाजूला अर्धा इंच, कमरेला दीड इंच, खाली दोन इंच वाढवा. खाली दोन इंच एवढ्यासाठी की मुलं वाढतात.

कापडाच्या दुहेरी घडीवर हा कागद टाचून कापलं की एका वेळी दोन पाय निघतात, एकमेकांच्या आरशातले. मागच्या बाजूला खडूने फुली करा. नंतर पुढचा-मागचा ओळखू येत नाही.

प्रत्येक पाय सुलट बाजू आत ठेवून दुमडा आणि आतली छोटी टीप मारा. दोन नळ्या झाल्या. एक नळी सुलटी करा आणि दुसऱ्या उलट्या नळीत घाला, सुलटीला सुलट बाजू लागेल अशी, पुढच्या बाकाला पुढचा आणि मागच्याला मागचा. आतल्या दोन टिपा एकमेकींवर आणून तिथे टाचणी लावा. आता पुढच्या कमरेपासून मागच्या कमरेपर्यंत एक सलग यू आकाराची टीप. तीच टीप पुन्हा एकदा, पहिलीच्या अगदी लगत. मुलं उकिडवी बसतात, घसरगुंडीवर जातात, पँट उसवते ती इथेच. बाकाच्या खोल भागात शिलाईच्या बाहेरच्या कापडाला कात्रीचे छोटे छोटे काप द्या, टिपेच्या अलीकडे थांबून, म्हणजे तिथे ताण पडत नाही.

नेफ्यासाठी, म्हणजे इलॅस्टिक ओवायच्या दुमडीसाठी, वर पाव इंच दुमडून इस्त्री फिरवा, मग सव्वा इंच दुमडून कडेला टीप. मागच्या बाजूला दोन इंच उघडं ठेवा. पाऊण इंची इलॅस्टिक मुलाच्या कमरेपेक्षा दोनेक इंच कमी घ्या, पण आधी मुलाच्या कमरेभोवती धरून विचारा, टोचतंय का, आवळतंय का. सेफ्टी पिनने नेफ्यातून फिरवा, पीळ पडलेला नाही ना ते बघा, दोन टोकं अर्धा इंच एकावर एक ठेवून चौकोनी टीप मारा, उघडी जागा बंद करा. खालची दुमड पाव आणि पावणेदोन. झाली पँट. प्रत्येक टिपेनंतर इस्त्री केली तर ती दुकानातल्यासारखी दिसते, न केली तर घरी शिवलेली. इस्त्री हे शिवणाचंच काम आहे, शेवटी करायचं वेगळं काम नाही.

कापडाच्या कडा आतून सुटतात, त्यांचं काय? गल्लीत पिको-फॉलचं दुकान असतंच, तिथे इंटरलॉक करून देतात. काजंही करून मिळतात. घरीच निभवायचं असेल तर पातळ कापडाला दुहेरी टीप घाला: आधी उलट बाजूला उलट लावून सुलटीकडून पाव इंचावर टीप, जादा कापड कातरून बारीक करायचं, कपडा उलटवून आतून पुन्हा टीप. कडा आतल्या आत बंद होतात. तान्ह्या बाळाच्या कपड्याला हीच शिलाई, आणि बाळाला आतली टीप टोचू नये असं वाटत असेल तर झबलं टीप बाहेर ठेवून घाला, कोण बघतंय. गळ्याशी बटण, मणी, लांब नाडी नको. बटण तोंडात जातं, नाडी घसरगुंडीच्या फटीत अडकते. झबल्याचे बंद मागे, आखूड.

पँट दोन-तीन झाल्यावर स्वतःचा कुर्ता. उसवलेल्या कुर्त्याचं पेपर कटिंग आहेच, त्याच्याशी टेप घेऊन पडताळा. छातीच्या घेरापेक्षा शिवून झालेला कुर्ता तीन ते चार इंच सैल हवा, न ताणणाऱ्या कापडात एवढं लागतंच. लोकलमध्ये वरची कडी धरायला हात वर गेला की मुंढा कळतो, म्हणून कच्ची टीप घालून बाही बसवल्यावर हात वर करून, पुढे वाकून, खाली बसून बघा. गळा आधी एक इंच लहानच कापा. लहान गळा मोठा करता येतो, मोठा झालेला लहान करता येत नाही. साइडच्या टिपांना आत एक-एक इंच कापड राहू द्या. ब्लाउज मात्र वर्षभर हाती घेऊ नका. त्याचे टक, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या चिमटी, अर्धा सेंटिमीटर सरकले तरी फिटिंग जातं, आणि मन खट्टू होऊन मशीनवर कव्हर पडतं ते पडतंच.

पावसाळ्यात ते कव्हर आठवड्यातून एकदा काढा. आपल्याकडच्या दमट हवेत सुई आणि बॉबिन केस गंजतात. तेलाच्या छिद्रांत एकेक थेंब मशीनचं तेल, खोबरेल नाही, खोबरेल चिकटून बसतं. मग चिंधीवर दोन मिनिटं टीप मारा, तेलाचे डाग तिच्यावर उतरू देत. दातांच्या फटीत साठलेली कापसाची धूळ जुन्या टूथब्रशने काढा.

मुलीच्या फ्रॉकबद्दल एवढं राहिलं. घेर कापतानाच लांबी चार इंच जास्त घ्या आणि खालच्या दुमडीच्या वर एक-एक इंची दोन आडवे टक, म्हणजे इथे कापड दुमडून मारलेल्या आडव्या पट्ट्या, घाला, लांब टाक्याची टीप वापरून. फ्रॉकवर ते नक्षीसारखे दिसतात आणि एकेक टक आत दोन इंच धरून ठेवतो. पुढच्या वर्षी फ्रॉक आखूड झाला की एक टक सीम रिपरने सोडवायचा, त्यानंतरच्या वर्षी दुसरा. जुन्या टिपेच्या जागी कापडावर रेघ दिसते, कारण तिथला रंग उन्हात उडालेला नसतो. ओलं फडकं ठेवून इस्त्री केली तर घडी जाते, रंगातला फरक जात नाही. त्या रेघेवर बारीक सुती लेस लावा. लेसही आधी रात्रभर भिजवलेली.